अब्बांचा प्रश्न

आमचे शेत वैजापूरपासून दीड कोसावर, रोटेगाव स्टेशनच्या बाजूला आहे. शेत फार मोठे नाही. विहीर एकच, आणि तीही चैत्र-वैशाखात तळ दाखवते. पावसाळ्यात बाजरी आणि कापूस, हिवाळ्यात हरभरा, असा आमचा वर्षाचा क्रम. घरात आम्ही दखनी बोलतो. पण शेतात पाऊल टाकले की अब्बांची जीभ आपोआप मराठीकडे वळते. बैलांना हाक मारायची ती मराठीत आणि बांधावरच्या काकांशी भांडायचे तेही मराठीत. म्हणून ही हकिगत मराठीत सांगायला मला अडचण वाटत नाही. ती बरीचशी मराठीतच घडली.

गोष्ट १९९७ सालच्या हिवाळ्यातली. मी तेव्हा आठवीत होतो. हरभरा गुडघ्याएवढा वाढला होता. पहाटे शेतातून चाललो की पायजमा आंबेने ओला होई. हरभऱ्याच्या पानांवर जो आंबट ओलावा साचतो त्याला आंब म्हणतात. बोटाला लावून जिभेवर ठेवला तर दात शिवशिवतात. फुले गळून घाटे धरू लागले आणि त्याच आठवड्यात अळी आली.

हरभऱ्याच्या शेंगेला आपल्याकडे घाटा म्हणतात आणि तो पोखरणाऱ्या अळीला घाटेअळी. ही अळी घाट्याला गोल भोक पाडते, डोके आत खुपसते आणि अर्धे अंग बाहेर ठेवून दाणा खात बसते. एक अळी आपल्या आयुष्यात तीस-चाळीस घाटे फस्त करते. शेतात अशा किती अळ्या असतील याचा हिशोब अब्बा रात्री अंथरुणावर पडून करीत असत.

आदल्या वर्षीही अळी आली होती. तेव्हा अब्बांनी एक जहाल औषध आणून स्वतः फवारले. वारा समोरून होता आणि त्यांनी तोंडाला रुमालही बांधला नव्हता. संध्याकाळी त्यांना चक्कर आली, तोंडाला फेस आला. काकांनी आपली बैलगाडी जुंपली आणि त्यांना दवाखान्यात नेले. तीन दिवस ते तेथे होते. ते तीन दिवस अम्मीने घरात चूल पेटवली नाही. या वर्षी अळी दिसताच तिने साफ सांगितले, "आता पंप पाठीवर घेतलात तर मी मुलांना घेऊन माहेरी जाईन."

त्याच सुमारास कृषी सहायक साहेब मोटारसायकलवरून आले. त्यांनी पिशवीतून एक बाटली काढली. आत मळकट, दुधासारखे पाणी होते.

"या बाटलीत अळीचा रोग आहे," साहेब म्हणाले. "विषाणू आहे. पाण्यात मिसळून फवारा. अळी पाने खाईल, तिच्या पोटात रोग जाईल आणि ती मरेल."

अब्बा हसले. "साहेब, लोक रोग घालवायला पैसे देतात. मी रोग विकत घेऊ?"

साहेबांनी शांतपणे सगळे समजावले. फवारणी संध्याकाळी करायची, कारण उन्हाने विषाणू मरतो. कपड्यांना घालतो ती नीळ थोडी मिसळायची, म्हणजे उन्हापासून त्याचा बचाव होतो. अब्बांनी सगळे ऐकून घेतले. मग त्यांनी तो प्रश्न विचारला.

"साहेब, जो रोग अळीला मारतो तो माझ्या बैलाला होणार नाही कशावरून? माझ्या पोरांना होणार नाही कशावरून? हाच हरभरा आम्ही खाणार."

"होत नाही. तपासून पाहिलेले आहे."

"होत नाही, हे ठीक. पण का होत नाही?"

साहेब भले गृहस्थ होते. ते म्हणाले, "इतके खोलातले मला सांगता येणार नाही." मग अब्बांनी माझ्याकडे पाहिले. "तू शाळेत जातोस. तू सांग." मी पायाच्या अंगठ्याने माती उकरीत उभा राहिलो.

अब्बांनी बाटली घेतली, पण फवारणी अर्ध्याच शेतावर केली. "अर्धे साहेबांचे, अर्धे नशिबाचे," असे ते म्हणाले. पाच-सहा दिवसांनी आम्ही पाहिले, तर फवारलेल्या भागातल्या अळ्या झाडांच्या शेंड्यांवर चढल्या होत्या आणि मागच्या पायांनी उलट्या लटकत होत्या. त्यांची कातडी ओल्या कागदासारखी झाली होती. हात लावला की फुटे आणि आतून पाणी गळे. दुसऱ्या अर्ध्यात अळ्या मजेत दाणे खात होत्या. त्या वर्षी अर्ध्या शेताचा हरभरा घरी आला. त्याच पैशांतून आपाची दहावीच्या परीक्षेची फी भरली गेली. नाहीतर तिची शाळा त्याच वर्षी सुटली असती, हे घरात सगळ्यांना माहीत होते; बोलत कोणी नसे.

पुढच्या वर्षीपासून अब्बा मेलेल्या अळ्या स्वतःच गोळा करू लागले. त्या पाण्यात वाटायच्या, मलमलीच्या फडक्यातून गाळायच्या आणि ते पाणी फवारायचे. आमच्या शिवारात त्यांना गमतीने 'अळीचे हकीम' म्हणत. तरी दरवर्षी बाटली भरताना ते माझ्याकडे पाहून विचारीत, "का होत नाही, कळले का रे?"

मी शिकलो, शिक्षक झालो, आमच्याच गावी उर्दू शाळेत विज्ञान शिकवू लागलो. पुस्तकांत मला अर्धे उत्तर मिळाले. विषाणू अळीच्या शरीरात वाढतो तेव्हा शेवटी तो स्वतःभोवती प्रथिनांची एक पेटी बांधतो. अळी सडून फुटली की या पेट्या पानांवर आणि मातीत पडतात आणि सावलीच्या मातीत वर्षानुवर्षे टिकतात. विशेष असे की ही पेटी म्हणजे एक स्फटिक असतो. आपण उर्दूत स्फटिकाला 'कलम' असेही म्हणतो. कलमी शोरा हे नाव तुम्ही ऐकले असेल. मिठाचा खडा, फिटकिरी, खडीसाखर हे सारे स्फटिक. पण अळीच्या पोटातला हा स्फटिक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा, फार तर त्याच्या चार-पाच पट. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रोमीटर म्हणतात. आपल्या डोक्याचा एक केस साधारण सत्तर मायक्रोमीटर जाड असतो. इतक्या बारीक पेटीला कुलूप कसले आहे आणि त्याची किल्ली अळीच्याच पोटात का आहे, हे मात्र मला समजत नव्हते.

ते समजले आपाच्या मुलीकडून. जिची फी हरभऱ्याने भरली, त्याच आपाची ही मुलगी. ती आमच्याच शाळेत शिकली आणि आता पुण्यात प्रथिनांच्या स्फटिकांवर संशोधन करते. गेल्या जानेवारीत ती चार दिवसांसाठी घरी आली होती. तिचे तोंड उतरलेले पाहून मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "मामू, आठ महिने झाले. माझे स्फटिक मोठेच होत नाहीत. धुळीएवढे होतात आणि थांबतात."

"मोठे कशाला हवेत?" मी विचारले.

ती मला शाळेच्या मैदानाकडे बोट दाखवून सांगू लागली. मुलांनो, ती उपमा मला इतकी आवडली की मी ती आता वर्गातही सांगतो. प्रथिनाचा एक कण इतका लहान असतो की साध्या उजेडात तो दिसणे शक्य नाही. त्यासाठी क्ष-किरण लागतात, तेच ज्यांनी डॉक्टर हाडाचा फोटो काढतात. पण एका कणावर क्ष-किरण टाकला तर परत येणारे उत्तर फार क्षीण असते. एक मूल पुटपुटले तर कोणाला ऐकू येते? पण प्रार्थनेच्या वेळी सगळी मुले ओळीत उभी राहून एका सुरात गातात, तेव्हा आवाज एस.टी. स्टँडपर्यंत जातो. स्फटिकात लाखो-करोडो कण असेच ओळीत उभे असतात. सगळे मिळून उत्तर देतात आणि फोटोत ठिपक्यांची एक नक्षी उमटते. त्या ठिपक्यांच्या जागा आणि त्यांचा काळेपणा मोजून, पुष्कळ गणित करून, प्रथिनातला एकेक अणू कोठे आहे ते काढता येते.

ही विद्या जुनी आहे. क्ष-किरण १८९५ मध्ये राँटजेन यांना सापडले. १९१२ मध्ये लाऊए यांच्या सांगण्यावरून स्फटिकातून क्ष-किरण पाठवून पाहिले गेले आणि ठिपके उमटले. पुढच्याच वर्षी ब्रॅग पितापुत्रांनी साध्या मिठाच्या आत अणू कसे मांडलेले असतात ते सांगितले. १९१५ साली दोघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा मुलगा अवघ्या २५ वर्षांचा होता. प्रथिनांचे स्फटिक मात्र हट्टी. त्यांच्यात निम्मे पाणीच असते आणि ते सुकले की नक्षी बिघडते. १९३४ मध्ये बर्नाल आणि डोरोथी क्रोफूट यांनी पेप्सिन या पाचक रसाचा स्फटिक ओला ठेवूनच फोटो काढला, तेव्हा वाट सापडली. याच डोरोथीबाईंनी पुढे, हॉजकिन या नावाने, १९६९ मध्ये इन्सुलिनची रचना उलगडली.

"पण स्फटिक धुळीएवढा असला तर?" मी विचारले.

"मग गाणारी मुले थोडीच," ती म्हणाली. "आणि त्यात शेजारी आठवड्याचा बाजार भरलेला."

बाजार म्हणजे काय, हे तिने आमच्या जुन्या वर्गात नेऊन दाखवले. त्या खोलीवर पत्रा आहे आणि पत्र्याला एक भोक आहे. दार लावून घेतले की भोकातून उन्हाचा कवडसा उतरतो आणि त्यात धुळीचे कण नाचताना दिसतात. तिने दार उघडले. खोलीभर उजेड झाला आणि कण दिसेनासे झाले. धूळ तेथेच होती, उजेडही वाढला होता; पण दिसत काही नव्हते.

"आमच्या यंत्राचा किरण हा असा दारातल्या उजेडासारखा आहे," ती म्हणाली. "माझा स्फटिक दहा मायक्रोमीटरचा आणि किरण त्याच्या कितीतरी पट रुंद. बहुतेक किरण स्फटिकाला चुकवून भोवतालच्या पाण्यावर पडतात. फोटोत नुसते धुके येते. ठिपके त्या धुक्यात बुडून जातात. मला कवडसा हवा आहे, मामू."

असा कवडसा करणे सोपे नाही. साध्या भिंगाने उन्हाचा किरण एका जागी आणून आपण कागद जाळतो, पण क्ष-किरण काचेच्या भिंगातून जवळजवळ सरळच निघून जातात. आरशावर समोरून पडले तर परत न येता आत घुसतात. मात्र चपटा दगड पाण्यावर अगदी तिरका फेकला तर तो बुडत नाही, उडी मारून पुढे जातो. नारंगी नदीत पाणी असते तेव्हा हा खेळ तुम्ही खेळला असाल. क्ष-किरणही अत्यंत गुळगुळीत आरशावर असे जवळजवळ आडवे टाकले की उसळून पुढे जातात. किंचित वाकवलेल्या अशा आरशांनी त्यांना एका बिंदूवर आणतात. काही ठिकाणी हा बिंदू आज एका मायक्रोमीटरएवढा बारीक करता येतो.

पण इतक्या बारीक वाटेने पुरेसे किरण पाठवायचे तर ते मुळात फार प्रखर हवेत. त्यासाठी वर्तुळाकार प्रचंड यंत्रे असतात. त्यांत इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या जवळजवळ वेगाने फिरत राहतात आणि वळताना क्ष-किरण सोडतात. असे एक यंत्र आपल्या देशात इंदूरला आहे. त्याचे नाव इंडस-२. त्याचा घेर १७२.५ मीटर आहे आणि प्रथिनांच्या स्फटिकांसाठी तेथे एक स्वतंत्र शाखा आहे. स्फटिक बऱ्यापैकी मोठे असले की माझी भाची तेथे जाते. फ्रान्समध्ये ग्रेनोबल येथे जे यंत्र आहे त्याचा घेर ८४४ मीटर, म्हणजे त्याला एक फेरी मारायला आपल्याला दहा-बारा मिनिटे तरी लागतील. सूक्ष्म स्फटिकांसाठी बारीक किरण वापरण्याचे पुष्कळ काम तेथे १९९० नंतरच्या दशकात झाले. तिचे धुळीएवढे स्फटिक आता तेथेच जायचे होते.

यात एक दुखणे आहे. किरण जितका बारीक आणि प्रखर, तितका तो स्फटिकाला लवकर जाळतो. म्हणून स्फटिक द्रव नायट्रोजनच्या मदतीने शून्याखाली सुमारे १७३ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवतात. तरीही तो फार वेळ टिकत नाही. मग एका स्फटिकाचे थोडे फोटो, दुसऱ्याचे थोडे, तिसऱ्याचे थोडे, अशी गोधडी शिवावी लागते. "माझ्याकडे धूळ आहे, पण धूळ पुष्कळ आहे," असे म्हणून ती प्रथमच हसली.

संध्याकाळी आम्ही शेतात गेलो. अब्बा विहिरीच्या कठड्यावर बसून फडके पिळत होते. शेजारी बाटली. वय सत्तरीच्या पुढे गेले तरी हे काम ते दुसऱ्यावर सोपवीत नाहीत.

"नाना, हे काय?" भाचीने विचारले. अब्बांनी सगळी हकिगत सांगितली, आणि सवयीप्रमाणे शेवटी तो प्रश्नही विचारला. ती बाटलीकडे पाहतच राहिली. मग मला म्हणाली, "मामू, यात तर माझेच काम भरलेले आहे!"

तिने जे सांगितले ते असे. रेशमाच्या किड्याला अशाच पेटीत राहणारा एक विषाणू होतो. तो आमच्या घाटेअळीच्या विषाणूचा सख्खा नातेवाईक नव्हे, पण पेटी बांधायची युक्ती तीच. २००७ मध्ये न्यूझीलंड, जपान आणि इतर देशांतल्या शास्त्रज्ञांनी मिळून त्या पेटीवर असाच बारीक किरण टाकला. त्यांचे स्फटिक ५ ते १२ मायक्रोमीटरचे होते. आधी कशाचाही आराखडा हाती नसताना प्रथिनाची रचना काढायला त्यापूर्वी इतके लहान स्फटिक कोणी वापरले नव्हते. आत दिसले ते असे की प्रथिनाचे कण तीन-तीनच्या गटांनी एकमेकांत इतके घट्ट बसले आहेत की कोठे फट नाही. २००९ मध्ये घाटेअळीच्या विषाणूच्या कुळातल्या पेट्यांचीही रचना प्रसिद्ध झाली. पेट्या मोठ्या करण्याचा प्रश्नच नव्हता. विषाणू त्या बांधतो तेवढ्याच त्या असतात; किरणालाच त्यांच्या मापाचे व्हावे लागले.

"पण का होत नाही?" अब्बांनी पुन्हा विचारले. ते मूळ मुद्दा सोडणारे नाहीत.

"नाना, उद्या दाखवते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मुख्याध्यापकांच्या परवानगीने मी प्रयोगशाळा उघडली. भाचीने बाटलीतल्या गाळाचा एक थेंब काचपट्टीवर ठेवला, वर पातळ काच झाकली आणि सूक्ष्मदर्शक जुळवला. आमचा सूक्ष्मदर्शक जुना आहे. तो चारशे पट मोठे दाखवतो. अब्बांनी चष्मा काढला, एक डोळा मिटला आणि बराच वेळ पाहिले.

"तारे," ते म्हणाले. "पुष्कळ तारे."

मीही पाहिले. लहान लहान चमकते ठिपके थेंबात थरथरत होते. अठ्ठावीस वर्षे ज्या पेट्या आम्ही शेतात फवारीत होतो, त्या मी प्रथमच पाहत होतो. विज्ञानाच्या शिक्षकाला हे सांगताना थोडी लाज वाटते, पण खरे आहे.

मग भाचीने धुण्याचा सोडा थोड्या पाण्यात विरघळवला. "नाना, अळीचे पोट असे असते," ती म्हणाली. "सोड्याच्या पाण्यासारखे. आपले पोट उलट, आंबट. आपल्या हरभऱ्याच्या आंबेसारखे, त्याहूनही जास्त." तिने त्या पाण्याचा एक थेंब काचेच्या कडेला लावला. तो हळूहळू आत शिरला. अब्बा पुन्हा वाकले.

"अरे," ते म्हणाले. "विझत चालले."

सोड्याचे पाणी जसे पुढे सरकत गेले तसे तारे फिके होत गेले आणि नाहीसे झाले. भाची शांतपणे समजावू लागली. पेटीतले कण एकमेकांना धरून असतात. सोड्यासारख्या पाण्यात त्यांच्या काही भागांवर सारखाच विद्युतभार येतो आणि ते एकमेकांना ढकलू लागतात. चुंबकाची सारखी टोके ढकलतात तसे. मग पेटी उघडते आणि आतला विषाणू बाहेर पडतो. अळीच्या पोटात हेच घडते. आणि बाहेर पडल्यावरही त्याला अळीच्याच पेशींत शिरून वाढता येते. माणसाच्या, बैलाच्या किंवा मधमाशीच्या शरीरात त्याला वाढता येत नाही. कुलूप एक आणि घरही एकच.

अब्बांनी सगळे ऐकले. मग डोळा न काढता म्हणाले, "दुसरा थेंब ठेव. पुन्हा पाहू."

आम्ही चार वेळा पाहिले. चौथ्या वेळी त्यांनी स्वतःच्या थरथरत्या हाताने सोड्याचा थेंब लावला. निघताना त्यांनी बाटली उचलली आणि भाचीला विचारले, "तुझी ती धूळ फ्रान्सला कधी जाणार?"

"पुढच्या महिन्यात."

"जपून पाठव," अब्बा म्हणाले आणि बाटलीचे बूच घट्ट दाबून शेताकडे निघाले. संध्याकाळच्या आत नीळ मिसळायची होती.